पोटाचं औषध आणि डोळ्यांचा दावा

1964 च्या ऑक्टोबरात टोकियोत ऑलिम्पिक भरलं. नौकानयनाच्या शर्यती शहराच्या उत्तरेला, सायतामा प्रांतातल्या तोदा या गावच्या जलमार्गावर झाल्या. युद्धात बेचिराख झालेला देश पुन्हा उभा राहिला आहे हे जगाला दाखवायचं होतं, आणि नेमक्या त्याच वर्षी तोदात एक भलताच आजार वाढू लागला होता. आधी पोट बिघडायचं. कळा यायच्या, जुलाब व्हायचे. मग पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागायच्या, तळवे बधिर व्हायचे, आणि तो बधिरपणा घोट्यांवरून गुडघ्यांकडे, गुडघ्यांवरून कमरेकडे चढत जायचा. चालताना पाय जमिनीवर पडला की नाही हे कळेनासं व्हायचं. काही जणांचं दुखणं तिथेच थांबायचं. काहींची नजर धूसर व्हायची, रंग ओळखू येईनासे व्हायचे, आणि अखेर सगळा अंधार. रुग्ण डझनांनी निघाले. लोक त्याला ‘तोदाचा विचित्र आजार’ म्हणू लागले.

तोदा हे पहिलं गाव नव्हे. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून जपानभर असे तुरळक रुग्ण दिसत होते. 1964 मध्ये डॉक्टरांनी त्याला नाव दिलं: सबॅक्यूट मायेलो-ऑप्टिको-न्यूरोपथी, म्हणजे मज्जारज्जू, डोळ्यांची नस आणि हातापायांच्या नसा यांना हळूहळू ग्रासणारा विकार. आद्याक्षरं जोडून ‘स्मॉन’. त्याच वर्षी आरोग्य मंत्रालयाने अभ्यासगट नेमला. तो तीन वर्षं चालला आणि कारण हाती न लागताच विसर्जित झाला. रुग्ण मात्र वाढतच गेले. शेवटी सरकारी मोजणीत ते अकरा हजारांच्या घरात पोचले.

कारण सापडेना म्हणून संशय संसर्गावर गेला, आणि तो अगदी निराधार होता असं नाही. एकाच गावात, एकाच रुग्णालयात, कधी एकाच घरात रुग्ण निघत. परिचारिकांनाही हा आजार होई. ओकायामा प्रांतातल्या इबारा भागात रुग्णांचा असाच पुंजका दिसला. मग जे व्हायचं तेच झालं. शेजारी येईनासे झाले, दुकानदार पैसे हातात घ्यायला कचरू लागले, घरातल्या मुलामुलींची लग्नं अडू लागली. फेब्रुवारी 1970 मध्ये क्योतो विद्यापीठाच्या इनोउए शिगेयुकी यांनी स्मॉनचा विषाणू सापडल्याचा दावा केला आणि वर्तमानपत्रांनी तो ठळकपणे छापला. आधीच अंथरुणाला खिळलेल्या, अर्धवट दिसणाऱ्या माणसांना आता कळलं की आपण घरच्यांनाही धोका आहोत. त्यानंतर रुग्णांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. पुढे कोर्टात नुकसानभरपाईचे हिशेब मांडले गेले, पण या माणसांचा हिशेब कोणत्याही तक्त्यात बसणारा नव्हता.

खरं कारण रुग्णांच्या उशाशीच होतं. पोट बिघडलं की जपानी डॉक्टर जे औषध हमखास लिहून देत, त्याचं नाव क्लायोक्विनॉल. जपानमध्ये त्याला किनोफॉर्म म्हणत. हा आयोडीनयुक्त पदार्थ स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातल्या सिबा कंपनीने 1900 च्या सुमारास जखमेवर टाकायची जंतुनाशक पूड म्हणून बाजारात आणला होता. आवेच्या जंतूंवरही तो चालतो असं दिसल्यावर 1934 मध्ये त्याच्या पोटात घ्यायच्या गोळ्या आल्या: एन्टेरो-व्हायोफॉर्म. औषध आतड्यातच राहतं, रक्तात जवळजवळ मिसळत नाही, म्हणून ते निर्धोक, असं सांगितलं जाई. पुढची सगळी मोडतोड या एका गृहीतकावर उभी होती.

जपानी सरकारने 1936 मध्ये हे औषध तीव्र औषधांच्या यादीत घातलं होतं, म्हणजे ते जपून द्यावं असा इशारा होता. 1939 मध्ये ते त्या यादीतून काढलं गेलं. चीनमध्ये युद्ध चालू होतं, छावण्यांमध्ये आमांश पसरत होता आणि सैन्याला औषध हवं होतं. युद्ध संपलं तरी औषध राहिलं. सिबाबरोबर ताकेदा आणि तानाबे या जपानी कंपन्याही त्याचा धंदा करत होत्या, आणि क्लायोक्विनॉल असलेली कित्येक उत्पादनं बाजारात होती. 1961 मध्ये जपानमध्ये आरोग्य विमा सर्वांना लागू झाला. डॉक्टर स्वतःच औषध देत आणि त्याचे पैसे विम्यातून मिळत. मूळचं आवेचं औषध साध्या अपचनापासून शस्त्रक्रियेनंतरच्या पोटफुगीपर्यंत सगळ्यालाच दिलं जाऊ लागलं. दिवसाला ग्रॅम-सव्वा ग्रॅम, कधी त्याहून जास्त, आणि तेही आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने.

मग एक भीषण चक्र सुरू होई. रुग्ण पोटदुखी घेऊन येई, त्याला किनोफॉर्म मिळे. औषधामुळे पोट आणखी बिघडे, पायांना मुंग्या येत. डॉक्टर म्हणत, हा स्मॉन, आणि स्मॉनची सुरुवात पोटापासूनच होते. म्हणून पोटाचं औषध वाढवायचं. दुखण्याची पहिली पायरी समजून जे लिहून ठेवलं जात होतं, ते पुष्कळदा औषधाचंच काम होतं. एका रुग्णालयात एकाच पद्धतीने औषध दिलं जाई, म्हणून रुग्णांचे पुंजके निघत. परिचारिका तेच औषध घेत, म्हणून त्यांनाही तोच आजार होई. संसर्गाचा जो पुरावा वाटत होता, तो औषध लिहिण्याच्या सवयीचा नकाशा होता.

कोडं उलगडलं ते रंगावरून. स्मॉनच्या कित्येक रुग्णांच्या जिभेवर हिरवट थर दिसे, विष्ठाही हिरवी होई. डॉक्टरांनी ते पाहिलं होतं, टिपलंही होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. 1970 मध्ये टोकियो विद्यापीठाच्या रुग्णालयात काही रुग्णांची लघवी हिरवी आढळली. औषधशास्त्र विभागातल्या तामुरा झेन्झो आणि योशिओका मासानोरी यांनी तो रंग वेगळा काढून तपासला. तो क्लायोक्विनॉल आणि लोह यांच्या संयोगाचा निघाला. जे औषध रक्तात मिसळतच नाही असं छापून येत होतं, ते मूत्रपिंडांतून गाळून बाहेर पडत होतं.

हे कळताच नीगाता विद्यापीठातले मज्जाविकारतज्ज्ञ त्सुबाकी तादाओ रुग्णालयांची कागदपत्रं चाळायला बसले. त्सुबाकी या वाटेने एकदा गेलेले होते. 1965 मध्ये नीगातातल्या नदीकाठी पाऱ्याच्या विषबाधेचे, म्हणजे मिनामाता विकाराचे, रुग्ण त्यांनीच ओळखले होते. बाहेरून रोगासारखं दिसणारं दुखणं मुळात विषबाधा असू शकतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता सात रुग्णालयांतल्या 171 रुग्णांची नोंद तपासली, तर 166 जणांनी मुंग्या सुरू होण्याआधी क्लायोक्विनॉल घेतलेलं होतं. ऑगस्ट 1970 मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. स्मॉनचं कारण शोधायला सरकारने नंतर नेमलेल्या संशोधन आयोगाचं प्रमुखपद तेव्हा विषाणूतज्ज्ञ कोनो रेइसाकु यांच्याकडे होतं. आयोगाच्या प्रमुखाचं सगळं आयुष्य विषाणूंमध्ये गेलेलं असताना हा निष्कर्ष आयोगाच्या आतूनच पुढे आला आणि टिकला, ही जपानी वैद्यकाची मोठी गोष्ट आहे. 8 सप्टेंबर 1970 रोजी सरकारने क्लायोक्विनॉलची विक्री थांबवली. नव्या रुग्णांचा आकडा एकदम कोसळला. विषाणू सरकारी आदेश वाचून थांबत नसतो. मार्च 1972 मध्ये आयोगाने लिहून दिलं की स्मॉन म्हणून निदान झालेले बहुतेक रुग्ण क्लायोक्विनॉलचे बळी आहेत.

पण त्याआधीच, मे 1971 मध्ये, टोकियोच्या जिल्हा न्यायालयात पहिला दावा दाखल झाला होता. प्रतिवादी होते सिबा-गायगीची (सिबाचं हे नवं नाव) जपानी कंपनी, ताकेदा, तानाबे, संबंधित डॉक्टर आणि रुग्णालयं, आणि स्वतः जपान सरकार. पाहता पाहता देशभरच्या तीसेक जिल्हा न्यायालयांत दावे उभे राहिले आणि फिर्यादींची संख्या हजारांत गेली. ज्यांनी वर्षानुवर्षं आजार लपवला, ज्यांना लोकांनी रोगट म्हणून वाळीत टाकलं, त्यांना आता आपलं नाव आणि आपलं शरीर भर कोर्टात आणायचं होतं. अंध माणसं कोणाचा तरी हात धरून, काठ्या टेकत, चाकाच्या खुर्चीवर बसून साक्षीला येत. माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात मोठं धाडस हेच. कायद्याचे मुद्दे वकिलांनी लढवले, पण लाज झुगारण्याचं काम रुग्णांना स्वतःच करावं लागलं.

पहिली अडचण पुराव्याची होती. औषध घेतलं हे सिद्ध कसं करायचं? जपानी कायद्यानुसार डॉक्टरने रुग्णाची कागदपत्रं पाच वर्षं ठेवायची असतात. कित्येकांनी औषध घेतलं त्याला दहा वर्षं झाली होती. शिवाय ज्या डॉक्टरने औषध दिल्याचा दाखला द्यायचा, त्यानेच ते औषध लिहिलेलं असे. दाखला देणं म्हणजे स्वतःच्या हातून घडलेलं मान्य करणं. काहींनी मोकळ्या मनाने दिला. काही दवाखाने बंद झाले होते, कागद जळाले होते, रद्दीत गेले होते. ज्याची दृष्टी गेली त्यानेच कागद शोधून आणायचा, अशी ही लढाई होती. दाखला नसलेल्या रुग्णांचं काय, हा प्रश्न शेवटपर्यंत कोर्टाला आणि सरकारला छळत राहिला.

दुसरी अडचण कार्यकारणभावाची. कंपन्यांपैकी तानाबे विषाणूच्या बाजूने ठाम उभी राहिली. इनोउए यांच्या विषाणूला अमेरिकेतल्या काही संशोधकांचा पाठिंबा मिळाला होता, त्यामुळे तो मुद्दा वर्षानुवर्षं ताणता आला. पण जपानी न्यायालयं तोवर एक वाट चालून आली होती. नीगाताचा पारा, तोयामाचं कॅडमियम, योक्काइचीचा धूर, या प्रदूषणाच्या खटल्यांत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला निकाल लागले होते. पेशीच्या आत नेमकं काय घडलं हे शेवटच्या दुव्यापर्यंत दाखवता आलं नाही, तरी रोगाच्या पसरणीचा अभ्यास भक्कम असेल तर तो पुरावा मानता येतो, हे तिथे ठरलं होतं. स्मॉनच्या वकिलांनी तोच धागा पकडला.

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा होता, आणि मला वाटतं, खटल्याचा प्राण तिथेच होता. धोका असेल, पण तो आधी ठाऊक असणं शक्य होतं का? जी गोष्ट कोणालाच माहीत नव्हती, तिच्यासाठी दोष कसा देणार, असा प्रतिवादींचा सूर होता. मग फिर्यादींनी जुने कागद काढले. 1935 मध्ये, गोळ्या बाजारात आल्यावर वर्षभरातच, अर्जेंटिनातल्या ग्राविट्झ आणि बार्रोस या दोन डॉक्टरांनी हे औषध घेतलेल्या रुग्णांमध्ये नसांचे त्रास नोंदवले होते. पायांना मुंग्या, चालण्यात बिघाड. स्मॉनच्या तीस वर्षं आधी स्मॉनचंच वर्णन. पुढे 1965 मध्ये हांगार्टनर नावाच्या स्विस पशुवैद्याने लिहिलं की पोट बिघडलेल्या कुत्र्यांना लोक घरातली ही गोळी देतात आणि कुत्र्यांना झटके येतात, काही मरतात. त्यावर सिबाने हे औषध प्राण्यांना देऊ नये अशी सूचना काढली. माणसांसाठीच्या पाकिटावर तसा शब्द आला नाही. त्या वेळी जपानमध्ये रुग्णांची संख्या चढत होती.

आणि 1966 मध्ये स्वीडनमधून आलेलं एक पत्र. योतेबोरीतले बालमज्जाविकारतज्ज्ञ ओल्ले हान्सन आणि नेत्रतज्ज्ञ बेरग्रेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका तीन वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. एका दुर्मीळ त्वचाविकारावर त्याला क्लायोक्विनॉल दिलं गेलं होतं, आणि त्याच्या डोळ्यांच्या नसा सुकून नजर गेली होती. दोघं तिथे थांबले नाहीत. औषध रक्तात मिसळतं हे त्यांनी पुढे तपासून दाखवलं. कंपनीला त्यांनी कळवलं होतं. जपानमधला एक जरी डॉक्टर हे वाचून सावध झाला असता, तर त्याच्या रुग्णांची नजर राहिली असती. पण माहिती ग्रंथालयात आणि कंपनीच्या कपाटात होती, आणि गोळी रुग्णाच्या हातात. हान्सन पुढे टोकियोला जाऊन साक्ष देऊन आले. एका स्वीडिश मुलाचे डोळे हजारो जपानी माणसांच्या बाजूने उभे राहिले.

सरकारचा बचावही याच मुद्द्यावर ढासळला. औषधाला परवानगी देणं हा नुसता शिक्का नव्हे, परवानगी देणाऱ्याने पुढेही लक्ष ठेवायला हवं, असं न्यायालयांचं म्हणणं पडलं. 1936 मध्ये ज्याला सरकारनेच तीव्र म्हटलं होतं, त्याबद्दल काहीच कल्पना नव्हती असं त्याच सरकारला म्हणता येईना.

1976 च्या अखेरीस टोकियोच्या न्यायालयाने तडजोडीची वाट सुचवली. सिबा-गायगीने लेखी माफी मागितली. आम्ही विकलेल्या औषधांमुळे जपानमध्ये स्मॉन झाला, हे तिने त्यात मान्य केलं. औषध कंपनीने असं लिहून देणं तेव्हा फार दुर्मीळ होतं, आजही आहे. पण सगळे फिर्यादी तडजोडीला तयार नव्हते. पैसे मिळतील, पण दोष कोणाचा हे न्यायाधीशाच्या तोंडून ऐकल्याशिवाय उठायचं नाही, असं अनेकांनी ठरवलं. यावरून रुग्णांच्या संघटनांमध्ये फूट पडली, कडवटपणा आला. म्हाताऱ्या, दिवस मोजणाऱ्या माणसाने तडजोड घेतली तर त्याला कोण दोष देईल? आणि निकालासाठी अडून बसलेल्यांनाही नाही. दोघांच्याही जोरावर पुढचं घडलं.

1 मार्च 1978 रोजी कानाझावाच्या जिल्हा न्यायालयाने पहिला निकाल दिला, आणि तो रुग्णांच्या बाजूने होता. ऑगस्टमध्ये टोकियो, नोव्हेंबरात फुकुओका. मग हिरोशिमा, साप्पोरो, क्योतो, शिझुओका, ओसाका, माएबाशी. दीड वर्षात नऊ न्यायालयांनी एकापाठोपाठ एक कंपन्यांना आणि सरकारला जबाबदार धरलं. प्रतिवादी अपील करत राहिले, तेव्हा रुग्ण आरोग्य मंत्रालयासमोर धरणं धरून बसले. अखेर 15 सप्टेंबर 1979 रोजी सर्व बाजूंनी समझोत्याच्या कागदावर सह्या केल्या. सर्वांत शेवटी तयार झाली ती विषाणूला धरून बसलेली तानाबे. भरपाई आजाराच्या तीव्रतेनुसार ठरली, आणि ज्यांची दृष्टी पूर्ण गेली व चालणंही संपलं त्यांचा दर्जा वेगळा काढला गेला. एकरकमी पैशाबरोबर दरमहा भत्ता, शुश्रूषेचा खर्च आणि आयुष्यभर तपासण्या, असं सगळं त्यात आलं. सहा हजारांहून जास्त रुग्णांना याचा लाभ झाला.

आपल्याकडे एन्टेरो-व्हायोफॉर्म आणि मेक्साफॉर्म ही नावं साठ-सत्तरच्या दशकांतल्या घरांना अनोळखी नाहीत. मेक्साफॉर्ममध्येही क्लायोक्विनॉलच होतं. आव पडली, बाहेरचं खाणं बाधलं, की ही गोळी. मुंबईत गोरेगावला सिबाचं मोठं संशोधन केंद्र होतं. 1963 मध्ये त्याचं उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं होतं. मग इथे स्मॉन का पसरला नाही? मुंबईतले नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी याच प्रश्नाचा शोध घेतला आणि 1977 मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात आपली मुंबईतली निरीक्षणं मांडली. इथे रुग्ण अगदी मोजके होते. मला यात मात्रेचा आणि मुदतीचा वाटा मोठा वाटतो. आपल्याकडे बहुतेक लोक पोट थांबलं की गोळ्या बंद करत. जपानी रुग्ण डॉक्टरांच्या सांगण्यावरून महिनोन् महिने घेत राहिले. शिस्तीने औषध घेणाऱ्यांचंच नुकसान जास्त झालं, हे आठवलं की आजही गलबलून येतं.

जपानमध्ये बंदी येऊनही इतर देशांत विक्री चालू राहिली. हान्सन यांनी ते सोडलं नाही. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी सिबा-गायगीची औषधं लिहायची नाहीत असा बहिष्कार त्यांच्या पुढाकाराने उभा राहिला. नोव्हेंबर 1984 मध्ये कंपनीने क्लायोक्विनॉलच्या पोटात घ्यायच्या गोळ्या जगभर बंद करत असल्याचं जाहीर केलं. मे 1985 मध्ये हान्सन कर्करोगाने गेले. भारतात 1983 मध्ये सरकारने या गटातल्या औषधांच्या मिश्रणांवर बंदी घातली खरी, पण जुलाब आणि आवेवरची मिश्रणं तेव्हा त्यातून वगळली होती. त्वचेवर लावायच्या मलमांत क्लायोक्विनॉल आजही मिळतं. त्या वापराशी या खटल्यांचा संबंध नाही.

टोकियोत सह्या झाल्या त्याच 1979 मध्ये जपानच्या संसदेने दोन गोष्टी केल्या. औषधांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि औषधांच्या दुष्परिणामांनी अपंग झालेल्यांसाठी वेगळा निधी उभारण्याचा कायदा झाला. थॅलिडोमाइड या औषधामुळे व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांची प्रकरणं 1974 मध्ये मिटली होती, त्यात स्मॉनच्या लढ्याची भर पडली, आणि सरकारला टाळता येईना. या निधीत कंपन्या पैसे भरतात. औषध योग्य रीतीने घेऊनही ज्याची गंभीर हानी झाली, त्याला कोर्टात कोणाचा दोष सिद्ध करत बसावं लागत नाही. तो अर्ज करतो, तज्ज्ञ तपासतात, पैसे मिळतात. हा निधी अजून चालू आहे. मात्र त्याचा लाभ 1 मे 1980 पासून घेतलेल्या औषधांच्या बळींनाच मिळतो. स्मॉनच्या फिर्यादींनी किनोफॉर्म त्याच्या कितीतरी आधी घेतलेलं होतं. त्यांनी मागून घेतलेला कायदा त्यांच्यानंतर आजारी पडणाऱ्यांसाठी होता, आणि तो मागताना त्यांना हे ठाऊक होतं.